वऱ्हाडी जिनांतला पट्टा : ताण राखण्याच्या कसबाचा इतिहास

एका चाकाची गती पट्ट्याने दुसऱ्या चाकाला देता येते. मात्र त्या पट्ट्याचा ताण सतत राखावा लागतो. सैल पट्टा चाकावर घसरतो, तापतो आणि निसटतो. जास्त ताणलेला पट्टा शाफ्ट वाकवतो, बेअरिंग खातो आणि सांध्यात तुटतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांबरोबर आला. तेथून तो पिठाच्या गिरणीत, विहिरीवरच्या इंजिनात आणि शेवटी मोटारगाडीच्या बॉनेटखाली पोचला. आज गाडीत ताण राखण्याचे काम स्प्रिंग बसवलेला टेन्शनर करतो. जिनात ते फिटरचे काम होते, आणि त्यासाठी त्याचे हात, डोळे व कान तिन्ही लागत. हे काम माणसाकडून यंत्राकडे टप्प्याटप्प्याने गेले. त्याला यंत्रविद्येइतकीच कापसाच्या हंगामाची आणि कामगार कायद्याचीही कारणे होती.

कापूस, रेल्वे आणि जिन

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जगाच्या बाजारात भाव आला. लिव्हरपूलला हा माल अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली वाट अकोला आणि बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा खास कापसासाठी बांधलेला फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा फाटाही त्याच सुमारास झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याकडे गेले.

त्याआधी सरकी काढण्याचे काम घरोघरी रेच्यावर होई. दोन रूळ उलट दिशांनी फिरत. त्यांच्या फटीतून रुई पुढे निघे आणि सरकी मागे राही. सरकी घरच्या गुरांना लागे, काही बियाण्याला ठेवली जाई. पण रेल्वेच्या डब्यात भरायची गाठ हवी तर रुई ढिगाने आणि एका जागी हवी. त्यासाठी रेल्वे स्थानकांच्या आसपास जिन आणि प्रेस उभे राहिले. ३९२ पौंडांची दाबलेली गाठ हे मापही या व्यवहारात रुळले. दोन गाठी मिळून ७८४ पौंडांची एक खंडी होई.

अमेरिकेत एली व्हिटनीच्या करवती जिनाला १७९४ मध्ये पेटंट मिळाले होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या दशकात त्याचे प्रयोग हिंदुस्थानात करून पाहिले. धारवाडकडे लावलेल्या अमेरिकन जातींना तो जिन मानवला. आखूड धाग्याच्या देशी कापसाला करवतीचे दाते तोडून टाकत. वऱ्हाडात टिकला तो रोलर जिन. अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. यात चामड्याने मढवलेला रोलर कापूस ओढतो, रोलरला टेकून बसवलेली स्थिर सुरी सरकी अडवते आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी सरकीला ठोका देऊन वेगळी करते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखानदारांनी हे यंत्र वाढवले. दोन रोलरचा ‘डबल रोलर’ जिन पुढे हिंदुस्थानी जिनिंगचा कणा बनला.

हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळ्यात संपे. तेवढ्या काळात बंड्या भरभरून कापूस येई आणि यंत्र बंद पडले की फाटकाबाहेर रांग लागे. कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. तोलाई आणि दलालीला नियम मिळाले. जिनाच्या आतल्या पट्ट्याला मात्र बरीच वर्षे कोणाचे नियम नव्हते.

इंजिनापासून जिनापर्यंत

वाफेच्या काळातल्या जिनाची मांडणी एका सरळ रेषेत असे. एका टोकाला बॉयलर आणि इंजिनघर. इंजिनाच्या मोठ्या चाकावरून रुंद पट्टा किंवा सुती दोर मुख्य शाफ्टला फिरवी. हा शाफ्ट जिनघराच्या पूर्ण लांबीभर ओळीने बसवलेल्या बेअरिंगांवर फिरे आणि त्याच्यावर प्रत्येक जिनासमोर एक पुली असे. त्या पुलीवरून निघालेला चपटा पट्टा जिनाला चालवी. ओळीत जितके जिन, तितके पट्टे. सगळ्यांना गती मिळे एकाच इंजिनाची.

एक जिन थांबवायचा तर सगळे इंजिन थांबवता येत नसे. म्हणून जिनाच्या शाफ्टवर शेजारीशेजारी दोन पुल्या बसवत. एक शाफ्टला पक्की, दुसरी त्यावर मोकळी फिरणारी. कामगार त्यांना ‘फास्ट’ आणि ‘लूज’ म्हणत. दांड्याला जोडलेला लोखंडी काटा पट्ट्याला बाजूने ढकले. पट्टा पक्क्या पुलीवर आला की जिन चाले, मोकळ्या पुलीवर गेला की जिन उभा राही आणि पट्टा नुसता फिरत राही.

पुलीचा पृष्ठभाग बघताना सपाट वाटतो, पण त्याचा मधला भाग किंचित फुगीर ठेवलेला असतो. चालता चपटा पट्टा पुलीच्या मोठ्या व्यासाकडे चढतो, म्हणून तो मधोमध राहतो. ज्या मोठ्या पुलीवर पट्टा या कडेवरून त्या कडेवर सरकवायचा, ती मात्र पूर्ण सपाट ठेवावी लागे. पट्टा कारणाशिवाय एकाच कडेला जाऊ लागला, तर फिटर पट्ट्याकडे न बघता आधी शाफ्टकडे बघे. दोन शाफ्ट समांतर नसतील किंवा एखादे बेअरिंग झिजून खाली बसले असेल, तर नवा पट्टाही तेथे टिकत नाही.

चपट्या पट्ट्याचा एक गुण फारसा सांगितला जात नाही. जिनात दगड, खिळा किंवा ओल्या कापसाचा गोळा अडकला की रोलर जड होई, पट्टा घसरे आणि बहुधा निसटून पडे. त्यामुळे सुरी आणि दांडे वाचत. पण निसटलेला पट्टा पुन्हा चढवण्याचे काम माणसावर येई, आणि घसरून तापलेल्या पट्ट्याभोवती उडणारा रुईचा भुगा पेट घेण्याची भीती राही.

ताणाचे गणित

पट्टा चाकाला फिरवतो तो घर्षणाने. एका बाजूला पट्टा ओढत असतो, दुसऱ्या बाजूला तो ढिला परत जात असतो. या दोन ताणांतला फरक हेच पोचणारे बळ. स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात आणि जर्मन अभियंता आयटेलवाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की या दोन ताणांचे जास्तीत जास्त गुणोत्तर दोनच गोष्टींवर ठरते : घर्षण किती, आणि पट्ट्याने चाकाला किती अंशांचा वेढा घातला आहे. चाकाचा व्यास त्यात येत नाही. खुंट्याला दाव्याचे दोन वेढे दिले की अंगापिंडाने दांडगा बैल पोरालाही धरून ठेवता येतो, तो याच नियमाने.

घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि वेढा १८० अंशांचा असला, तर ताणाच्या बाजूचा ओढा ढिल्या बाजूच्या सुमारे २.५७ पट होऊ शकतो. लहान पुली मोठ्या पुलीजवळ आली की तिच्यावरचा वेढा कमी होतो. १५० अंशांवर हे गुणोत्तर २.१९ पर्यंत उतरते. ढिल्या बाजूला एक मोकळी पुली दाबून वेढा २१० अंशांचा केला तर ते ३ वर जाते. म्हणजे पट्टा अधिक न आवळताही जास्त काम घेता येते. आजच्या मोटारीतल्या टेन्शनरच्या जागेमागे हेच गणित आहे : तो नेहमी ढिल्या बाजूलाच बसतो.

जुन्या जिनांत दोन शाफ्टमधले अंतर भरपूर ठेवत, त्यामुळे वेढ्याची अडचण कमी पडे. आडवा पट्टा असला तर ढिली बाजू वर आणि ओढणारी बाजू खाली ठेवण्याची रीत होती. वरची बाजू स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि पुलीला अधिक कवेत घेते. म्हणजे पट्ट्याचे स्वतःचे वजनच थोडेफार ताणपुलीचे काम करी. उभ्या पट्ट्याला ही सवलत नसते. जरा सैल पडला की तो खालच्या पुलीपासून सुटतो.

चामडे, वादी आणि राळ

सुरुवातीचे पट्टे बहुतेक कमावलेल्या चामड्याचे होते. १८७० च्या दशकानंतर ब्रिटनहून इतर प्रकारही येऊ लागले. मँचेस्टरच्या रेडवे कंपनीचे ‘कॅमल हेअर’ पट्टे इतके नावाजले, की त्या नावावरून चाललेला खटला ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९६ मध्ये निकाली निघाला. ग्लासगोच्या आर. अँड जे. डिक कंपनीचे बलाटा पट्टे, म्हणजे सुती कॅनव्हासला झाडाच्या चिकाचा थर दिलेले, हेही पूर्वेकडच्या बाजारात आले.

चामड्याचा पट्टा नवा असताना हमखास वाढतो. पुलीवरून टेपने घेतलेल्या मापापेक्षा दर फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच कमी कापावा, असा जुना ठोकताळा होता. तरीही काही दिवसांनी तो ढिला पडे, आणि मग ताण देण्याचा एकच उपाय असे : यंत्र थांबवायचे, सांधा उसवायचा, पट्ट्याचा तुकडा कापून टाकायचा आणि पुन्हा शिवायचा.

हे शिवणे म्हणजे फिटरच्या हाताची परीक्षा होती. दोन्ही टोके गुण्याने काटकोनात कापावी लागत. तिरके कापले तर पट्ट्याची एक कड लांब राही आणि तो डुलत चाले. टोकांपासून अंतर सोडून भोके पाडायची, दोन रांगांत आणि एकाआड एक, म्हणजे एकाच रेषेत चामडे कमजोर होत नाही. कच्च्या चामड्याची वादी मधल्या भोकांपासून सुरू करून दोन्ही कडांकडे न्यायची आणि परत मध्ये आणायची. पुलीला लागणाऱ्या बाजूला वादीचे टाके सरळ, एकमेकांना समांतर असले पाहिजेत; फुल्या पडायच्या त्या बाहेरच्या बाजूला. आत फुली आली तर प्रत्येक फेऱ्याला सांधा पुलीवर आपटतो, आवाज देतो आणि वादी लवकर झिजते. चामड्याची केसांकडची गुळगुळीत बाजू पुलीला लावायची, कारण ती पुलीला अधिक बिलगते. मांसाकडची बाजू जास्त चिवट असल्याने तिने बाहेरचा ताण सोसायचा.

पट्टा घसरू लागला की राळेची पूड टाकण्याची सवय सर्वत्र होती. राळेने काही वेळ पकड येते. मग ती पूड तापून काचेसारखा थर धरते, त्यावर रुई आणि धूळ बसते आणि चामडे कोरडे पडून तडकते. घाईच्या दिवसांत मात्र पट्टा शिवायला तास घालवण्यापेक्षा मूठभर राळ टाकणे मालकाला आणि कामगाराला दोघांनाही सोयीचे वाटे. पट्ट्यांची खरी निगा हंगाम संपल्यावर होई. पट्टा काढून, खरवडून, पुसून, चरबी किंवा तेल चोळून कोरड्या जागी टांगून ठेवला, तर पावसाळ्याची ओल त्याला खात नाही. पुलीवर ताणलेला तसाच ठेवला, तर तो वाढतो आणि वाकडा होतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई, त्याआधी पट्टे पुन्हा शाफ्टवर चढलेले असत.

पट्टा आणि कायदा

जिनात रोलरसमोर कापूस टाकण्याचे काम मुख्यतः बाया करत. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा किंवा खांद्यावरचे उपरणे पट्टा आणि पुलीच्या मध्ये सापडले तर सोडवायला वेळ मिळत नाही. चालत्या शाफ्टवर पट्टा चढवणाऱ्या माणसाचा तर हातच त्या फटीशी असे.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. बहुसंख्य जिन या पळवाटेतून बाहेर राहिले. १८९१ मध्ये कामगारांची मर्यादा पन्नासवर आली. हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत आणले ते १९११ च्या कायद्याने. वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे येथे वेगळ्या हुकमाने लागू करावे लागत, ही आणखी एक गुंतागुंत होती. १९२५ मध्ये कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा भर नोंदी, गाठींवरच्या खुणा आणि भेसळ रोखण्यावर होता. १९३४ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांचा वर्ग वेगळा केला आणि तेथे दिवसाला ११ तासांपर्यंत कामाची मुभा दिली. बारमाही कारखान्यांत ती १० तासांची होती.

पट्ट्याविषयीचे सर्वांत तपशीलवार नियम १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर नेण्यासाठी काटा किंवा तशीच यांत्रिक सोय असलीच पाहिजे आणि पट्टा आपोआप पक्क्या पुलीवर परत सरकता कामा नये, असे कलम २४ सांगत असे. वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकलेला ठेवण्यासही त्यात मनाई होती. कलम २२ नुसार चालत्या यंत्राजवळचे, पट्टा चढवण्यासारखे काम फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने करायचे, त्याचे नाव नोंदवहीत असायचे आणि त्याला अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने द्यायचे. चालत्या पुलीवरचा पट्टा त्याने हाताळायचा तोही अटींवर : पट्टा १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा, सांधा वादीने शिवलेला किंवा पट्ट्याशी सपाट असावा, पुलीची कड धड असावी, उभे राहायला पक्की जागा असावी आणि शिडी लावली तर ती बांधलेली किंवा दुसऱ्या माणसाने धरलेली असावी. या अटी वाचल्या की अपघात कसे होत असतील, याचा अंदाज येतो. बाहेर आलेल्या धातूच्या क्लिपा, घसरती शिडी, पायाखालचे तेल यांतले काहीही एकटे पुरेसे होते.

तेल-इंजिन, वीज आणि व्ही-पट्टा

वाफेनंतर ऑइल इंजिने आली. ती जिनात आली आणि गावोगावच्या पिठाच्या गिरणीतही आली. रस्टन, ब्लॅकस्टोन, लिस्टर ही इंग्रजी नावे, आणि १९४६ नंतर पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव वऱ्हाडातल्या खेड्यांत माहितीचे झाले. दळणाची गिरणी म्हणजे शाफ्टशिवायचा छोटा जिनच : एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला जाते, मध्ये लांब चपटा पट्टा. येथे ताण देण्याची रीत बदलली. पट्टा कापण्याऐवजी इंजिन किंवा मोटर लोखंडी रुळांवर बसवली आणि मागच्या स्क्रूने ती इंच-अर्धा इंच सरकवता येऊ लागली. सांधा उसवण्याची वेळ त्यामुळे क्वचित येऊ लागली. ताण म्हणजे पान्याने फिरवायचा बोल्ट झाला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात अकोला जिल्ह्यातल्या पारस येथील औष्णिक केंद्राची वीज मिळू लागली. एका इंजिनावर सगळे जिन चालवण्याची गरज हळूहळू संपली. प्रत्येक जिनाला स्वतःची, साधारण पाच अश्वशक्तीची मोटर आली आणि लांब शाफ्ट, त्यावरच्या पुल्या व पट्ट्यांची रांग मोडीत निघाली. मोटर जिनाला खेटून बसू लागली. दोन पुल्यांमधले अंतर कमी झाले, लहान पुलीवरचा वेढा घटला आणि चपटा पट्टा तेथे पुरेना.

त्यावर उत्तर होते व्ही-पट्ट्याचे. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर आणि धाग्यांचा व्ही-पट्टा बनवला. त्याचा छेद खाली निमुळता असतो आणि तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. खाचेचा कोन ३८ अंशांच्या आसपास असल्याने घर्षणाचा परिणाम तिपटीने वाढतो; १८० अंशांच्या वेढ्यावर चपट्या पट्ट्याला मिळणारे २.५७ चे गुणोत्तर कागदावर १८ च्या घरात जाते. म्हणून कमी ताणातही तो घसरत नाही.

यात दोन गोष्टी बदलल्या. पहिली, अडकलेल्या जिनाला वाचवणारी घसरण गेली. मोटर जळू नये म्हणून विजेच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले अनिवार्य झाला. दुसरी, व्ही-पट्ट्याला सांधा नसतो. तो कापून शिवता येत नाही, ठरलेल्या मापाचाच आणावा लागतो, आणि एका पुलीवर तीन-चार पट्टे असतील तर सगळे एकदम बदलावे लागतात. एकच नवा घातला तर जुने वाढलेले असल्याने सगळा भार नव्यावर पडतो. ताण तपासण्यासाठी दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा ठरावीक जोराने दाबतात. पुल्यांमधल्या दर मीटर अंतराला साधारण १६ मिलिमीटर दबला म्हणजे ताण बरोबर. नवा पट्टा बसवल्यावर थोडा वेळ चालवून पुन्हा ताण द्यावा लागतो, कारण तो खाचेत बसतो आणि जरा ढिला होतो.

फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनच्या चौथ्या उपमिशनमधून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. कापूस उचलून जिनात टाकणारी यंत्रणा, वाहक पट्टे आणि आपोआप भरणारे फीडर आले. नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात जिन फिटरांना यंत्राच्या देखभालीचे रीतसर शिक्षण मिळू लागले. जुन्या काळी ही विद्या एका फिटरकडून दुसऱ्याकडे हातोहातच जात असे.

ताणपुली मोटारगाडीत

कापूस वाहणाऱ्या बंड्यांच्या जागी ट्रक आले, तसा पट्टा जिनाच्या फाटकाबाहेर रस्त्यावरही दिसू लागला. ट्रक, जीप आणि अ‍ॅम्बेसडर या गाड्यांत क्रँकशाफ्टवरून निघालेला एक व्ही-पट्टा पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवी. त्याला ‘फॅन बेल्ट’ हे नाव पडले ते आजही गॅरेजमध्ये चालते. त्यात वेगळा टेन्शनर नव्हता. डायनॅमोच त्याचे काम करी. तो एका बोल्टवर फिरता बसवलेला आणि दुसऱ्या बाजूला लांबट खाच असलेल्या पट्टीत अडकवलेला असे. बोल्ट सैल करून डायनॅमो टॉमीने बाहेर ओढायचा, बोल्ट आवळायचा आणि अंगठ्याने पट्टा दाबून बघायचा. अर्धा इंच दबला की काम झाले. ट्रॅक्टर आणि शेतीपंपांच्या अनेक इंजिनांत हीच रीत आजही आहे.

जास्त यंत्रे एका पट्ट्यावर चालवायची झाली, तसे हे अपुरे पडले. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये अनेक उपकरणांना वळसे घालत जाणारा एकच लांब, आतून खाचांचा पट्टा आला. अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप हे सगळे त्याच्यावर फिरतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा ताण देता येत नाही. एका हातावर बसलेली मोकळी पुली स्प्रिंगच्या जोराने पट्ट्यावर दाबून ठेवली जाते. पट्टा वाढला, तापला किंवा इंजिनाला झटका बसला की हात तेवढा हलतो आणि ताण जवळपास तोच राहतो. हाताला झोके बसू नयेत म्हणून आत घर्षणाचा आवर घातलेला असतो.

भारतात डिसेंबर १९८३ पासून आलेल्या मारुती ८०० मुळे दुसऱ्या एका पट्ट्याची ओळख झाली. कॅमशाफ्ट फिरवणारा दात्यांचा टायमिंग बेल्ट. या पट्ट्याला घसरण्याची मुभाच नसते. एक दाता सरकला तरी व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चुकते, आणि बऱ्याच इंजिनांत पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. त्यावेळच्या अनेक इंजिनांत टेन्शनरचा बोल्ट सैल केल्यावर स्प्रिंग त्याला पट्ट्यावर ओढे. क्रँकशाफ्ट दोनदा हाताने फिरवून सगळा ढिलेपणा एका बाजूला आणायचा आणि मग बोल्ट आवळायचा, अशी पद्धत होती.

टेन्शनरची देखभाल आणि बदल

टेन्शनरमध्ये झिजणाऱ्या गोष्टी तीन : पुलीचे बेअरिंग, हाताचा बुश आणि स्प्रिंग. वऱ्हाडात त्यांच्यावर ऊन आणि धूळ या दोन्हींचा मारा होतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, काळ्या मातीची बारीक धूळ बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते आणि कापसाच्या हंगामात बाजाराच्या रस्त्यांवर उडणारी रुई रेडिएटर आणि पुल्यांभोवती अडकते.

बिघाड पहिल्यांदा कानाला कळतो. पट्टा घसरत असेल तर कर्कश किंकाळी येते, विशेषतः थंड इंजिन सुरू करताना किंवा एसी लावल्यावर. पुल्या एका रेषेत नसतील तर ठरावीक अंतराने चिवचिव होते. दोन्हींतला भेद काढण्यासाठी चालत्या पट्ट्याच्या खाचांवर, हात दूर ठेवून, थोडे पाणी फवारतात : आवाज वाढला तर ताण कमी आहे, काही वेळ थांबला तर पुल्यांची रेषा चुकली आहे. बेअरिंग गेले असेल तर घरघर येते. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात फार थरथरत असेल तर त्याचा आवर गेला आहे. हातावरची खूण ठरलेल्या दोन रेषांच्या बाहेर गेली असेल तर पट्टा वाढला आहे किंवा चुकीच्या लांबीचा आहे. जुन्या रबराच्या पट्ट्याला आडव्या भेगा पडत. आताच्या ईपीडीएम रबराला त्या सहसा पडत नाहीत. तो टायरसारखा झिजतो, म्हणून खाचांची खोली मापाने बघावी लागते.

बदलताना इंजिन थंड करून बॅटरीची ऋण तार काढतात. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे, याचे चित्र बहुधा बॉनेटखाली चिकटवलेले असते; नसेल तर आधी कागदावर काढून घेतात, कारण एका पुलीला उलट वळसा पडला तर वॉटर पंप उलटा फिरतो. टेन्शनरच्या हातावरच्या चौकोनी खाचेत किंवा षट्कोनी डोक्यावर पाना लावून हात मागे फिरवतात आणि पट्टा एका गुळगुळीत पुलीवरून उतरवतात. मग बाकीच्या पुल्या हाताने फिरवून बघतात. एखादी अडखळली तर नुसता टेन्शनर बदलून उपयोग होत नाही. जुना टेन्शनर सोडल्यावर त्याच्या मागची खुंटी इंजिनावरच्या भोकात बसते का, ते तपासून नवा लावतात आणि बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळतात. नवा पट्टा चढवून हात हळूहळू सोडतात. तो एकदम सोडला तर पट्टा खाचेवरून एक रांग चुकून बसतो. इंजिन एकदा चालवून, बंद करून, सगळ्या खाचा जागेवर आहेत हे पुन्हा बघतात. पट्टा आणि टेन्शनर एकदमच बदलणे हे बहुतेक कारागिरांचे मत आहे. थकलेली स्प्रिंग नवा पट्टा लवकर घालवते आणि झिजलेला पट्टा नव्या बेअरिंगला हादरे देतो.

जिनात ताण देण्याचा निर्णय फिटरचा होता आणि चूक झाली तर तिचा परिणामही त्याच्याच हाताला भोगावा लागे. मोटारीत निर्णय कारखान्यात स्प्रिंगच्या जोराने आधीच ठरलेला असतो. कारागिराकडे उरते ते बिघाड ओळखणे, योग्य सुटा भाग निवडणे आणि तो नीट बसवणे. आधुनिक जिनांतही मोटरचे रूळ, व्ही-पट्ट्यांचे संच आणि झाकणे यांची हंगामापूर्वीची तपासणी याच स्वरूपाची झाली आहे. वादी, राळ आणि फास्ट-लूज पुल्या वापरातून गेल्या. ढिल्या बाजूला ताण द्यावा, पुल्या एका रेषेत असाव्यात आणि पट्ट्यावर काम करताना यंत्र थांबवावे, हे तीन नियम मात्र जिनापासून गाडीपर्यंत तसेच लागू आहेत.